नत्थाबाईची टाच

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या नत्थूच्या बांगड्यांच्या दुकानात एक आरसा होता, आणि त्या आरशात गिऱ्हाइकांपेक्षा नत्थूच जास्त वेळा बघायचा. बायका यावर तोंडाला पदर लावून हसत, पण बांगड्या मात्र त्याच्याकडूनच भरून घेत. हात न दुखवता घट्ट बांगडी चढवावी ती नत्थूनेच. हात हातात घेतला की तो बाईच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. ती पदर कसा सावरते, नवऱ्याचा विषय निघाला की मान कुठे वळवते, जावेच्या पाटल्यांबद्दल बोलताना तिचं मनगट कसं ताठ होतं, एवढं सगळं मनात टिपून ठेवायचा. टिपलेलं सगळं दिवाळीनंतर बाहेर पडायचं, कारण दिवाळीनंतर नत्थू हा नत्थू राहत नसे.

देवाजी शाहिराच्या खडी गंमतीत तो नाच्या होता. ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांनी एवढंच समजावं, की ही उभ्याउभ्या गायची गंमत. पडदा नाही, विंग नाही. पुढे शाहीर आणि बाईच्या वेशातला गडी, त्यांच्या मागे कमरेला ढोलकी बांधलेला ढोलक्या, टाळवाला, आणि ओळ संपता संपता ती वरच्यावर झेलणारे झीलकरी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलबीची दुकानं, लेकीबाळी माहेरी आलेल्या, आणि भर दुपारी उन्हात ही गंमत. पारशिवनीपासून पार भंडाऱ्याच्या वाटेपर्यंत मंडईच्या गर्दीत लोक आधी विचारत, नत्थाबाई आली का? नत्थू म्हणून त्याला त्या मुलखात कोणी ओळखतच नव्हतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटण्याऐवजी मूठभर मांसच चढायचं.

नत्थाबाईचं सगळ्यात गाजलेलं गाणं सवतीचं होतं. नवरा दुसरी करून आणतो, पहिली चुलीपाशी उभी राहून म्हणते:

माह्या चुलीवर आज कोणं ठेवली वं तवी,
जुनी झालीच कुठं मी, तरी आणली काहून नवी?

गाणं चढत चढत जायचं, ढोलकी तापायची, आणि ऐन रंगात सगळं एकदम थांबायचं. ढोलकी गप्प, टाळ गप्प, झीलकरी गप्प. तेवढी एकट्या नत्थाबाईची 'नवी' उन्हात लोंबकळत राहायची. मग गर्दीतल्या बायकांचा असा काही सुस्कारा निघायचा की ज्यांच्या घरी सवत नव्हती त्यासुद्धा नवऱ्याकडे संशयाने बघायच्या.

हे थांबणं कसं जमतं, ते कोणाला कळत नसे. नाच्याची ढोलक्याकडे पाठ. मान वळवावी तर रंगाचा बेरंग. त्याची खूण पायात होती. खूण ही ज्या त्या नाच्याची असते. शाहिराने ती विचारायची नाही, ढोलक्याने सांगायची नाही. नाच्या थकला की आपली चाळ, म्हणजे घुंगरांच्या पट्ट्या, तो आपल्या हाताने पुढच्याच्या पायात बांधतो आणि बांधता बांधता त्याच्या कानात खूण सांगतो. नत्थूच्या पायात केशव उस्तादाने चाळ बांधली होती आणि खूणही त्यांचीच दिलेली होती. ती ओळखणारा ढोलक्या चंद्रभान नत्थूबरोबरच लहानाचा मोठा झालेला. दोघांचं बोलणं एरवी बिडी मागण्यापुरतंच, पण नत्थूचा पाय काय म्हणतो हे चंद्रभानला नत्थूच्या बायकोपेक्षा जास्त कळायचं.

सुख फार झालं की त्याला दृष्ट लागते. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात एक दिवस देवाजी दुकानात येऊन बसला आणि आरशाकडे पाठ करून बोलला. त्यावरूनच नत्थूने ओळखलं की काहीतरी वाईट आहे. आदल्या वर्षीच्या स्पर्धेत दुसऱ्या एका पार्टीने बाई उभी केली होती. ती धड नाचली नव्हती, धड गायली नव्हती, पण बक्षिसाची ढाल ती पार्टी घेऊन गेली. देवाजीने ते मनाला लावून घेतलं होतं.

"नत्थू, लोकं आता खरी बाई मागून राहिले गा. मी काय करू?"

"मग मी इतके साल काय खोटी होतो?" नत्थू म्हणाला.

देवाजी हसला नाही. त्याने नत्थूच्या गुडघ्यांची आठवण काढली, पावडरीतून वर येणाऱ्या निळ्या दाढीची काढली, मागच्या मंडईत वरच्या पट्टीत फाटलेल्या आवाजाची काढली. मित्र म्हणून जेवढं बोलवत नाही तेवढं सगळं तो शाहीर म्हणून बोलला. शेवटी म्हणाला, पोरगी हेरून ठेवली आहे, प्रेमिला तिचं नाव, इंदोऱ्यात राहते, जयंतीच्या कार्यक्रमांत भीमाची गाणी गाते आणि माणसं पार रस्त्यापर्यंत उभी राहतात. तिची आई भीमाबाई आधी तयार नव्हती. तमाशातली सोंगं आम्ही सोडून बसलो, आता लेकीला तिकडे कशाला धाडू, असं तिने तोंडावर सुनावलं. मग दोन अटींवर कबूल झाली. पोरगी वाकड्या अर्थाचं गाणार नाही, आणि दिवेलागणीच्या आत घरी आली पाहिजे. गंमत दुपारचीच असते, त्यामुळे दुसरी अट सोपी होती. पहिलीसाठी देवाजीने दोन गाणी फाडून टाकली. आता चाळ बांधायची राहिली, आणि ती नत्थूशिवाय कोण बांधणार?

त्या रात्री नत्थू जेवला नाही. त्याची बायको इंदूबाई तोंडाने फटकळ आणि मनाने गरीब. तिने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "अख्खा जलम सवतीचं गाणं गायलं. आता आली ना खरी."

ती गमतीने बोलली, पण नत्थूला ते जिव्हारी लागलं. कारण तसंच होतं. लोक म्हणतात पोटात आग पडते, पण नत्थूच्या आगीला पोट पुरत नव्हतं. ती पार पायाच्या नखापर्यंत गेली. जिला आपण अजून डोळ्यांनी पाहिलंही नाही तिचा इतका राग येतो, याची त्याला स्वतःलाच गंमत वाटली आणि मग जास्तच राग आला.

दोन दिवसांनी देवाजी तिला घेऊन दुकानात आला. विशीतली, सावळी, दिसायला अगदी साधी. नत्थूला आधी बरं वाटलं. मग ती "जय भीम उस्ताद" म्हणाली आणि त्या तीन शब्दांतच त्याला कळलं की आवाज पक्का आहे. खाली जाड, वर मोकळा, मध्ये कुठे खरखर नाही. असा आवाज त्याने आयुष्यभर गळा आवळून काढला होता आणि ही पोरगी तो घेऊनच जन्माला आली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं त्याने मनात म्हटलं.

देवाजीने तिला स्टेजसाठी बांगड्या भरायला सांगितलं. नत्थूने तिचा हात पाहिला आणि मुद्दाम एक माप लहान असलेला डझन काढला. दोन बांगड्या फुटल्या, हाताला ओरखडा आला, तर निदान आजचा दिवस तरी गोड जाईल. पण हात हातात घेतल्यावर त्याच्या बोटांनी काय केलं कोण जाणे. लहान डझन आपोआप बाजूला सरला आणि बरोबर मापाचा हातात आला. बांगड्या सरसर चढल्या. इतक्या हलक्या हाताने आपल्या हातात बांगड्या कोणीच भरल्या नव्हत्या, असं प्रेमिला म्हणाली. नत्थू स्वतःच्या बोटांवर दिवसभर धुसफुसत राहिला.

तालमी देवाजीच्या अंगणात सुरू झाल्या. शिकवणार नाही असं नत्थूला म्हणता येईना, कारण तसं म्हटलं असतं तर जळतो म्हणून सगळ्या महालात झालं असतं. तो जळत होताच, पण लोकांना ते कशाला कळू द्या? ओठात साखर, पोटात सुरी ठेवून तो शिकवायला लागला. तिला नाचता येऊ नये आणि तिने अंगण वाकडं म्हणावं, एवढीच त्याची देवाकडे मागणी होती. पण पोरगी एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा विचारत नसे. विचारायची ते भलतंच. एकदा सवतीच्या गाण्याशी अडली आणि म्हणाली, सवत दारात आल्यावर ही पहिली बायको रडते की चिडते?

नत्थूला खोटं सांगता आलं असतं. रडते म्हणाला असता तर ती रडली असती आणि गाणं मेलं असतं. पण तो तिच्याकडे बघत होता आणि बघता बघता खरं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"रडत नाही अन् चिडतही नाही. आधी तिच्या बांगड्या मोजते. मग आपला हात पदराखाली घेते."

असं म्हणून त्याने ते करून दाखवलं. समोर प्रेमिलाच उभी होती, आणि मनगटात त्यानेच भरलेल्या बांगड्या. त्याची नजर त्या बांगड्यांवरून एकेक करत गेली, आणि मग त्याचा उघडा, म्हातारा होत चाललेला हात धोतराच्या सोग्याखाली गेला. इतक्या वर्षांत हे त्याने इतकं चांगलं कधी केलं नव्हतं, आणि का चांगलं झालं ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसानंतर त्याच्या डोक्यात बेत शिजला. बेत साधा होता. सगळं शिकवायचं, खूण तेवढी द्यायची नाही. तालमीच्या वेळी तो ढोलकीशेजारी पाटावर बसायचा, पायात आपली चाळ बांधून. पोरीचा ताल चुकू नये म्हणून बसतो, असं सांगायचा. गाणं चढलं, शेवटची ओळ आली, की बसल्या बसल्या आपणच खूण करायचा आणि ढोलकी जागच्या जागी थांबायची. चंद्रभानला वाटायचं, खूण सध्या उस्ताद करतो, चाळ बांधल्यावर पोरगी करेल. बाकीच्यांना वाटायचं, सगळं जमून आलं. स्पर्धेच्या दिवशी नत्थू काही करणार नव्हता. ढोलकी वाजतच राहणार, ओळ फिरून फिरून येणार, आणि खऱ्या बाईचा दम भर गर्दीत सुटणार. मग देवाजी दुकानात येईल आणि या खेपेस आरशाकडे तोंड करून बसेल.

चाळ बांधायचा दिवस आला. अंगणात सगळी पार्टी जमली, नारळ फुटला. नत्थू खाली बसला. आपल्या घामाने काळी पडलेली चामड्याची पट्टी त्याने प्रेमिलाच्या पायात बांधली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि देवाजीने ते बघून नाक पुसलं. माया समजला बिचारा. मग नत्थू उठला, तिच्या कानाशी तोंड नेलं. सगळ्यांनी रीतीप्रमाणे माना दुसरीकडे वळवल्या.

"पाय जपून टाकजो," नत्थू तिच्या कानात म्हणाला, आणि बाजूला झाला.

प्रेमिलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याच्या पाया पडली. देवाजीने विचारलं, सगळं दिलं ना तिले? सगळं दिलं, नत्थू म्हणाला.

स्पर्धा दुसऱ्याच दिवशी, महालातच, एका मोठ्या पटांगणात होती. या वर्षी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने हौसेने लाकडी फळ्यांचा मंच बांधला होता आणि वर कापड ताणलं होतं. प्रेमिला हिरवं नऊवारी लुगडं नेसून पुढे उभी राहिली. नत्थू पांढरं धोतर-सदरा घालून झीलकऱ्यांच्या रांगेत, चंद्रभानला लागून. अनवाणी, पायात काही नाही. मिशी वाढवावी असं देवाजीनेच सुचवलं होतं, त्यामुळे ओठावर कोंब फुटलेले. रांगेत उभं राहून गायची त्याची ही पहिलीच वेळ. समोर शेकडो माणसं आणि एकाचीही नजर त्याच्यावर नाही, ही गोष्ट त्याच्या अंगाला चावत होती. गर्दीत इंदूबाई होती. तीसुद्धा हिरव्या लुगड्याकडेच बघत होती.

गण झाला, बतावणी झाली. देवाजीच्या चिमट्यांना प्रेमिलाने अशी उत्तरं दिली की माणसं गडाबडा हसली. मग सवतीचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं तिने इतकं सहज म्हटलं की नत्थूच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याला तिने समोर कोणीतरी आल्यासारखं पाहिलं, नजरेने बांगड्या मोजल्या आणि हात पदराखाली घेतला. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नकळत आपलाही हात पदराखाली घेतला. नत्थूने ते पाहिलं. माझं आहे ते, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. माझ्या पोटात जळलं तेव्हा ते निघालं, आणि टाळ्या हिला.

गाणं चढलं. शेवटची ओळ आली. 'तरी आणली काहून नवी?' ढोलकी थांबली नाही. झीलकऱ्यांनी ओळ झेलली आणि परत तिच्याकडे टाकली. तिने परत म्हटली. ढोलकी तापतच होती. नत्थूने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, चंद्रभानच्या कपाळावर आठी होती. खूण का येत नाही, असं त्याला वाटत होतं. ओळ पुन्हा फिरली. प्रेमिलाच्या मानेची शीर दिसू लागली. मागच्या पोरांपैकी कोणीतरी शिट्टी मारली, कोणी ओळीची नक्कल केली, दोघं-तिघं हसले. देवाजीने घाबरून मागे पाहिलं. आणि नत्थूला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

मग पोरीने काय केलं, तर आवाज खाली आणला. दम सुटत आला होता, वरच्या पट्टीत आता जाता येणार नव्हतं. तिने ती ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. भांडण संपलंय, नवरा घरात निजलाय, आणि बाई एकटी चुलीपाशी स्वतःला विचारतेय, तशी. 'जुनी झालीच कुठं मी?'

हसणारी पोरं गप्प झाली. नत्थू ऐकत राहिला. असं ते गाणं त्याने कधी म्हटलं नव्हतं. असं ते म्हणता येतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्या ओळीत त्याचा तो दुकानातला पावसाळी दिवस होता, झाकून ठेवलेलं ताट होतं, पोरीला काही माहीत नसताना सगळं होतं. आता इथेच थांबलं पाहिजे, आत्ता, नाहीतर ढोलकी हे सगळं तुडवून टाकेल, एवढं त्याच्या मनात आलं असेल नसेल, तोच फळीवर आवाज झाला. टक. टक. आणि तिसऱ्यांदा त्याची उजवी टाच उचलली गेली आणि अधांतरी राहिली.

ढोलकी जागच्या जागी थांबली. टाळ थांबला. प्रेमिलाची 'नवी' एकटीच राहिली, हळू, फाटल्यासारखी, आणि सगळ्या पटांगणात काही आवाज उरला नाही. नंतर जे झालं ते सांगायला नको. माणसं उभी राहिली होती आणि टोप्या उडत होत्या.

नत्थू आपल्या पायाकडे बघत होता. टाच अजून उचललेलीच. घरचा भेदी म्हणतात, पण निदान तो भेदी भाऊ तरी असतो. इथे अंगाला चिकटलेला पायच तिकडे जाऊन मिळाला. सगळा नत्थू जळत होता, एक टाच तेवढी जळत नव्हती. चंद्रभानने मान वळवून त्या टाचेकडे पाहिलं, मग नत्थूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याची नजर चुकवायला नत्थूला टाळांचं गाठोडं बांधत बसावं लागलं.

ढाल मिळाली. देवाजीने नत्थूला मिठी मारली आणि चारचौघांत म्हणाला, शिकवावं तर असं. लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. नत्थूला तो हार काढून कुठेतरी भिरकावून द्यावासा वाटला.

गर्दी पांगल्यावर प्रेमिला मंचामागे आली. भीमाबाई लांब उभी राहून घाई करत होती, ऊन उतरू लागलं होतं. प्रेमिला खाली वाकली. नत्थूला वाटलं पाया पडते, पण ती चाळ सोडत होती. सोडून तिने ती त्याच्यासमोर फळीवर ठेवली.

"चाळ बांधताना तुमी कानात काय सांगतलं, ते मी कोणाले सांगतलं नाही उस्ताद," ती म्हणाली. "टाच मले तालमीतच कळली होती. दोनदा ठोकता तुमी. कितीतरी दिवस झाले."

माहीत होती, तर मघाशी केली काहून नाही, असं नत्थूने विचारलं.

"चोरून घेतली असती, त मग चाळ तुमी बांधली असं कसं म्हणलं असतं? मी वाट पाहून राहिली होती. पडली असती, त पडली असती."

आता नत्थूला लाज वाटली, असं म्हणायची रीत आहे. वाटलीही असेल थोडी. पण त्याहून मोठी गोष्ट त्याला झोंबली. ही पोरगी आपल्यापेक्षा चांगली गाते हे कळलंच होतं. आता ती आपल्यापेक्षा मनानेही मोठी निघाली, म्हणजे हेवा करायला आणखी एक जागा झाली. आणि त्यात भर म्हणजे हिला वाटतंय की हिला खूण कळली. इतकी वर्षं जपलेली केशव उस्तादाची खूण, हिला तालमीत बसून कळली म्हणे. ते त्याला सोसवेना. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा.

"काही नाही कळली तुले," तो उसळून म्हणाला. "दोनदा ठोकता म्हणे. दोन त ऐकू येते, ते कोणीही शिकन. तिसरी ऐकू येत नाही. तिसरी उचलाची अन् ठेवाची नाही. तिच्यावर थांबते तो. इकडे ये."

त्याने चाळ उचलली, तिच्यापुढे बसला आणि दुसऱ्यांदा तिच्या पायात बांधली. मग तिच्या शेजारी उभा राहून दाखवलं. टक, टक, आणि उचललेली टाच. तिची टाच खाली आली. चूक, म्हणाला. परत केली, परत आली. किती उचलायची, अंगठ्यावर किती भार ठेवायचा, लुगड्याआड गुडघा कसा मोडू द्यायचा नाही, सगळं चिडून चिडून सांगत राहिला. भीमाबाईने तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा कुठे तिची टाच अधांतरी टिकली. लांबून चंद्रभान बिडी ओढत बघत होता. त्याने नुसत्या बोटाने ढोलकीवर एक थाप दिली आणि थांबवली.

पारशिवनीची मंडई त्यानंतर काही दिवसांनी भरली. तिथे मंच नव्हता, नेहमीची मातीची जमीन होती, आणि नत्थूच्या ओठावर आता चांगली मिशी होती. सवतीचं गाणं चढलं. प्रेमिलाने टाच ठोकली, पुन्हा ठोकली, उचलली. ढोलकी थांबली. चंद्रभानने नत्थूकडे पाहिलंही नाही. इतक्या वर्षांचा सोबती, पण त्याचे डोळे सरळ तिच्या पायावर होते. नत्थूने आपली टाच मातीत घट्ट रोवून धरली होती. तिची कोणाला गरजच पडली नाही.

गर्दीच्या कडेला एक म्हातारी उन्हाला हात आडवा धरून उभी होती. दर वर्षी यायची ती. नत्थूच्या बाहीला धरून तिने विचारलं, "भाऊ, यंदा नत्थाबाई आली नाही का गा?"

नत्थूने मिशीवरून हात फिरवला. मग पुढे बोट केलं.

"आली ना वं माय. ते काय, नाचून राहिली."

म्हातारीने डोळे बारीक करून हिरव्या लुगड्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचा चेहरा खुलला.

"हो वं, तेच व्हय," ती म्हणाली. "यंदा तब्येत चांगली दिसून राहिली. मागच्या साली लय थकली होती बिचारी."

पुढची ओळ फिरून झीलकऱ्यांकडे आली. नत्थूने बाही सोडवून घेतली, तोंड उघडलं, आणि बाकीच्यांच्या आवाजात आवाज मिसळून तो तिच्या मागून गायला लागला.